नानांच्या परमिटात

मी विजेच्या खांबावर चढते हे आमच्या घरी तीन वर्षं कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे नवऱ्याला माहीत होतं, पण त्याने ते स्वतःपाशीच ठेवलं होतं. सासूबाईंना आणि झाडून सगळ्या नातेवाइकांना त्याने सांगितलं होतं, लाईटच्या ऑफिसात आहे. तसं ते खोटंही नव्हतं. ऑफिस होतं, तिथे मी सकाळी सही करायचे आणि शिडी घेऊन बाहेर पडायचे. लग्नाकार्यात कुणी विचारायचं, कॉम्प्युटरवर असतेस का गं? मी नुसती हसायचे. हसणं म्हणजे काही हो म्हणणं नाही, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. आज मला त्या हसण्याची चीड येते. पुढे जे झालं त्यात माझाही थोडा वाटा आहे, तो आधीच कबूल करून टाकते.

आयटीआयला वायरमनच्या वर्गात आम्ही दोनच मुली होतो. भरतीत बायकांसाठी राखीव जागा होत्या, त्यातून मी वीज कंपनीत लागले. राहायला आम्ही नाशिकला, आडगाव नाक्याजवळ. नवरा अंबडच्या एका कंपनीत मशीनवर. माझी नेमणूक चांदवडच्या अलीकडे, महामार्गापासून जरा आत असलेल्या एका सेक्शनला. पहिल्याच दिवशी साहेबांनी मला पंख्याखालचं एक टेबल दाखवलं. "इथे बसा, तक्रारी लिहून घेत चला. आधीच्या मॅडमपण हेच करायच्या." मी म्हटलं, साहेब, टेबलावरच बसायचं असतं तर मी वायरमनचा ट्रेड कशाला केला असता? साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मला बाहेर नेलं ते नानांनी. नाना म्हणजे आमच्या सेक्शनचे सर्वांत जुने वायरमन, सगळं ऑफिस त्यांना नानाच म्हणायचं. तीस वर्षं लाईनवर काढलेली, हातावर भाजल्याचे दोन जुने डाग. त्यांच्या मनाचा मोठेपणा मी नाकारत नाही, पण खरं सांगायचं तर त्यांचे गुडघे गेले होते. वर चढणारं कुणीतरी त्यांना हवंच होतं. ते खाली उभे राहून सांगायचे, मी वर जाऊन करायचे. त्यांनी मला सगळं शिकवलं, हातचं राखून काही ठेवलं नाही. गावात गाडी थांबली, की लोक विचारायचे, "वायरमन कुठाय?" मी बेल्ट बांधून शिडीला हात घालेपर्यंत ते माझ्या मागे रस्त्याकडे बघत उभे असायचे.

काम संपल्यावर कामाच्या वहीत नानांचं नाव पडायचं. परमिट तर नानांच्याच नावावर असायचं. हे परमिट काय ते सांगते, कारण सगळा जीव त्यातच आहे. अकरा हजार व्होल्टच्या लाईनवर काम करायचं, तर आधी सब-स्टेशनला फोन करायचा. तिथला ऑपरेटर ती लाईन, म्हणजे तो फीडर बंद करतो, रजिस्टरमध्ये मागणाऱ्याचं नाव लिहितो आणि एक नंबर देतो. काम झालं, की ज्याने परमिट घेतलं त्यानेच फोन करून ते परत करायचं. त्यानंतरच लाईन चालू होते. एका फीडरवर दोन ठिकाणी दोन माणसं असतील, तर परमिटही दोन. दोन्ही परत आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. रजिस्टरमध्ये ज्याचं नाव नाही, तो माणूस खांबावर नाही, असंच सब-स्टेशन समजतं. तीन वर्षं मी खांबावर होते आणि रजिस्टरमध्ये नव्हते. नाना खाली उभे असायचे म्हणून काही झालं नाही.

मला एकच सवय होती, तिची नाना चेष्टा करायचे. लाईन बंद असली तरी वर गेल्यावर मी तिन्ही तारांना डिस्चार्ज रॉड अडकवायचे. रॉडची वायर खाली जमिनीतल्या अर्थिंगला बांधलेली असते, चुकून वीज आलीच तर ती आपल्यातून न जाता जमिनीत जावी म्हणून. नियम आहेच तो. पण जुनी माणसं घाईत तो पाळत नाहीत. नाना खालून ओरडायचे, "झाले का दागिने घालून? निघायचं का आता लग्नाला?" मी म्हणायचे, नाना, थांबा की, नथ राहिलीय. ते हसायचे. मी मात्र रॉड घातल्याशिवाय पक्कडसुद्धा काढायचे नाही.

फेब्रुवारी संपत आला होता. उन्हाळ कांदा पोसायला लागला होता आणि सगळ्या शिवाराला पाणी हवं होतं. शेतीची थ्री फेज लाईट त्या आठवड्यात सकाळी आठ ते दुपारी चार होती. रात्री वारं सुटलं होतं, म्हणून नाना पहाटेच एका गावाला लाईनवर आलेली फांदी तोडायला गेले होते. मी ऑफिसात पोहोचले तर दुसऱ्या गावाहून फोन, डीपीवरचा जंप जळालाय. जंप म्हणजे वरच्या लाईनपासून खाली स्विचपर्यंत येणारा तारेचा तुकडा. साहेब म्हणाले, "जाऊन या." सोबत द्यायला माणूस नव्हता. दोघांनी जायचा नियम आहे, पण माणसं अपुरी पडली की नियम भिंतीवरच्या पाटीत राहतो. मी ऑफिसची मोटारसायकल काढली आणि निघाले.

डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, एका कांद्याच्या वावराच्या कडेला होती. वावरात एक बाई खुरपत होत्या, पन्नाशीच्या असतील. मी त्यांना मावशी म्हटलं. त्यांनी मला आणि गाडीवरच्या शिडीला बघून विचारलं, "वायरमन मागून येतोय का?" मी म्हटलं, मीच आहे. त्यांनी खुरपं बांधावर ठेवलं, लुगड्याला हात पुसले आणि म्हणाल्या, "मंग शिडी मी धरते."

वीस मिनिटांचं काम होतं. फीडर तसाही बंदच होता, कारण फांदीसाठी नानांनी परमिट घेतलेलं होतं. नानांची वाट बघितली असती तर दोन तास गेले असते आणि गावाची पाण्याची पाळी बुडाली असती. मी सब-स्टेशनला फोन लावला. परमिट मागायचा फोन त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा करत होते. बेल्ट बांधत होते म्हणून फोन स्पीकरवर टाकून बांधावर ठेवला.

"परमिट हवंय. डीपीवरचा जंप आहे, एबी स्विचच्या वरचा."

"नाना कुठायत?"

"नाना फांदीवर आहेत. हे मी वेगळं मागतेय."

"अहो, त्यांचं परमिट चालू आहेच की. त्यातच तुमचं धरा."

"त्यातच धरू नका. माझ्या नावाने वेगळं लिहा आणि नंबर द्या."

"लिहितो हो मॅडम. नंबर काय पळून चाललाय? करा तुम्ही तुमचं."

फोन बंद झाला. मी पुन्हा लावायला हवा होता. नंबर मिळेपर्यंत शिडीवर पाय ठेवायचा नाही, हे नानांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. पण मला वाटलं, पहिल्यांदाच परमिट मागतेय आणि एवढ्यावरून हुज्जत घातली, तर संध्याकाळी चहावर हेच निघेल, बाई फार कटकट करते. एवढ्याशा भीतीपायी मी नंबर न घेता वर गेले. ही माझी चूक आणि ती मी पुढे जबाबात माझ्या हाताने लिहिली.

वर गेले, टेस्टर लावला, लाईन मेलेली होती. रॉड अडकवला. जळालेला जंप काढला, नवा कापला, एक टोक कसलं. दुसऱ्या टोकाचा नट फिरवत होते तेव्हा माझ्या हातापासून फूटभरावर आवाज झाला. तो आवाज मला नीट सांगता येत नाही. डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि काही क्षण काहीच दिसलं नाही. डाव्या हाताला काहीतरी चिकटलं, मागून कळलं की ती वितळलेल्या वायरची ठिणगी होती. मी बेल्टवर लोंबकळत होते. खालून मावशी काहीतरी बोलत होत्या, त्यांचे ओठ हलताना दिसले पण कान बंद झाले होते. मला एवढंच कळलं, की लाईन चालू केली गेली आणि मी जिवंत आहे.

झालं होतं ते अगदी साधं. नानांची फांदी तोडून झाली. त्यांनी नियमाने फोन करून आपलं परमिट परत केलं. मी दुसऱ्या गावात खांबावर आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ऑपरेटरने रजिस्टर बघितलं, त्यात एकच परमिट होतं, नानांचं, ते आलं. त्याने लाईन चालू केली. माझं नाव त्याने लिहिलंच नव्हतं. वीज आली ती रॉडमधून जमिनीत गेली, सब-स्टेशनचा ब्रेकर उडाला आणि लाईन पुन्हा बंद पडली. रॉड नसता, तर हे लिहायला मी नसते.

मी खाली कशी उतरले ते आठवत नाही. मावशींनी बांधावर बसवलं, पाणी पाजलं, हातावर ओलं फडकं ठेवलं. ऐकू यायला लागलं तेव्हा त्या एकच गोष्ट परत परत म्हणत होत्या. "त्यो लिहितो म्हनला व्हता. म्या ऐकलं. लिहितो म्हनला व्हता."

नाना अर्ध्या तासात आले. गाडी स्टँडवर न लावताच त्यांनी ती आडवी टाकली. माझ्यासमोर उकिडवे बसले आणि रडायला लागले. तीस वर्षांच्या नोकरीतला माणूस, मी त्यांना कधी डोळे पुसतानाही बघितलं नव्हतं. "माझ्या हातून गेली असतीस तू," म्हणाले. मला त्यांची समजूत काढायला हवी होती, पण मला त्या क्षणी त्यांचाही राग आला. तीन वर्षं मला स्वतःच्या परमिटात घेऊन हिंडले, एकदा तरी ऑपरेटरला सांगायचं होतं ना, की वर ही असते, मी नाही.

सासूबाईंनी संध्याकाळी हाताची पट्टी बघितली आणि म्हणाल्या, "ऑफिसात चूल मांडली होती का?" नवऱ्याने मान खाली घातली. मग मी सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासूनचं. सासूबाई उठून आत गेल्या आणि त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांचा राग माझ्यावर किती आणि मुलावर किती, हे मला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता, माझा जबाब. मी न देताच तयार झालेला. त्यात लिहिलं होतं, की मी परमिट न घेता आणि कुणालाही न कळवता, स्वतःच्या जबाबदारीवर खांबावर चढले. ऑपरेटरने सांगितलं होतं, मॅडमनी फोन केला पण फक्त फीडर बंद आहे का एवढंच विचारलं, मी हो म्हटलं.

"खोटं आहे," मी म्हटलं.

"फोन झाला हे खरं आहे. फोनवर काय बोलणं झालं, ते कोण सांगणार?" साहेबांचा आवाज चढला नव्हता. ते माझ्यावर चिडलेलेही नव्हते, उलट समजावत होते. ऑपरेटरची दोन वर्षं राहिलीत. मे महिन्यात मुलीचं लग्न आहे. निलंबन झालं तर माणूस उभ्याचा आडवा होईल. "तुमचं काय होणार आहे? तरुण आहात, तुम्हाला कुणी फासावर देत नाही. सही करा, मी वरती सांभाळून घेतो. आणि ते टेबल आहेच. पंखा आहे, दहा ते सहा ड्यूटी आहे. जीव वाचलाय, आता घरच्यांचाही विचार करा."

खरं सांगते, मला ते टेबल त्या वेळी दिसलं. हात ठणकत होता, रात्री झोपेत तो आवाज ऐकू यायचा. टेबलावर बसले असते तर कुणीही नाव ठेवलं नसतं. सही केली, तर मी चुकीने वर गेलेली बाई ठरणार होते आणि माझ्यानंतर येणाऱ्या प्रत्येक पोरीला साहेब माझं नाव सांगून तेच टेबल दाखवणार होते. नाही केली, तर एका माणसाची नोकरी माझ्या गळ्यात. मी म्हटलं, दोन दिवस द्या.

त्याच दुपारी मी मावशींच्या घरी गेले. त्यांचा नवरा ओट्यावर बसला होता. त्याने मला चहा दिला, हाताची चौकशी केली, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तुमचं बरोबर हाय. पण आमच्या घरच्या बाया हापिसात साक्षी द्यायला जात नाय. उद्या लाईट गेली, तर आम्हाला त्येंच्याच दारात जावं लागतं." मावशी दारात उभ्या होत्या. त्यांची नजर जमिनीवर होती. मी चहाचा कप धुवायला आत नेला, तेव्हाही त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. परतताना बसमध्ये मला त्यांचाही राग आला. त्या आठवड्यात मला कुणाचाच राग यायचा राहिला नव्हता.

दोन दिवसांनी मी गेले, तर साहेबांच्या केबिनमध्ये माझा नवरा बसलेला. साहेबांनी परस्पर त्याला फोन करून बोलावून घेतलं होतं आणि तो अर्धी रजा टाकून आला होता. मला सांगितलंही नव्हतं. टेबलासमोर खुर्ची एकच होती आणि ती त्याला दिलेली होती. कोपऱ्यात ऑपरेटर आणि नाना भिंतीला टेकून उभे होते. साहेब माझ्याशी नाही, नवऱ्याशी बोलत होते. "तुम्ही जरा समजावा. आमचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील."

नवऱ्याने तो कागद वाचला. दोनदा वाचला. तो मशीनवर काम करतो, त्याच्या कंपनीत दुरुस्ती चालू असताना मशीनला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतात. एका माणसाचं कुलूप दुसऱ्याने काढलं, तर गेटबाहेर काढतात. त्याला या कागदाचा अर्थ कुणापेक्षाही जास्त कळत होता. त्याने मला विचारलं, "हे खोटं आहे ना?"

"हो."

त्याने कागद टेबलावर परत ठेवला. मग म्हणाला, "तरी कर सही. संपव हे."

आम्ही घरात दोघंच असताना एकमेकांना अरे-तुरे करतो. चारचौघांत मी त्याला अहोच म्हणते, आजवर कधी चुकले नव्हते. त्या दिवशी साहेबांसमोर, ऑपरेटरसमोर मी म्हटलं, "तुला माहितीये, की त्याने मला मारलं असतं. आणि तू मला सांगतोस, मीच मरायला गेले होते असं लिहून दे?"

साहेब म्हणाले, "हे बघा, साक्षीदार असेल तर आणा. नुसतं तुमच्या म्हणण्यावर..."

तेवढ्यात शिपाई आत आला, एक बाई आल्यात म्हणाला. मावशी होत्या. डोक्यावर पदर, पायात रबरी चपला, गुडघ्यापर्यंत चिखलाचे वाळलेले शिंतोडे. कुणाच्या तरी कांद्याच्या पिकअपमध्ये बसून आल्या होत्या. त्या केबिनच्या दाराशी उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी उंबरठा ओलांडेनात. तिथूनच त्यांनी सांगितलं. या बाईनं माझ्यासमोर फोन केला. माझ्या नावानं वेगळं लिहा म्हनली. त्यो मानूस लिहितो म्हनला. मी शिडी धरून उभी व्हते.

साहेबांनी विचारलं, "तुमचे मालक कुठायत?"

"कांद्याला पानी धरलंय त्येंनी."

"त्यांना घेऊन या. जबाब त्यांच्यासमोर घेऊ."

"ते काय सांगतीन?" मावशी म्हणाल्या. "ते तिथं नव्हतेच. ऐकलं म्या."

मग नाना भिंतीपासून सुटून दोन पावलं पुढे आले आणि ऑपरेटरकडे वळले. दोघांची मैत्री वीस वर्षांची, एकमेकांच्या घरचं जेवलेले. नाना म्हणाले, "लिहितो म्हणाला होतास का? मुलीची शपथ घालत नाही. नुसतं सांग."

ऑपरेटरने मान हलवली. हो. तो रडला नाही, भांडला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मनापासून, अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, मी मुद्दाम नाही केलं. माझ्या मनात तसलं काही नव्हतं. मला वाटलं, तुम्ही बघून खाली थांबाल, नाना आल्यावर नाना चढतील. तुम्ही खरंच वर चढाल असं वाटलंच नाही मला."

मला त्याच्यापेक्षा बाकीच्यांचे चेहरे आठवतात. साहेबांनी सुस्कारा सोडला, जणू सगळ्याचा उलगडा झाला. शिपायाने मान डोलावली. माझ्या नवऱ्यानेही. वाटलं नाही, म्हणजे मग काय, माणूस आहे, चुकतो. त्या खोलीत हे कारण सगळ्यांना पटलं. तीन वर्षं भर दिवसा, गावोगावच्या चौकात, शाळेच्या पोरांसमोर मी खांबांवर चढत होते. ते झाकून ठेवलेलं काम नव्हतं. तरी माझा जीव जाता जाता राहिला, कारण कुणाला तसं वाटलं नाही. मी तिथेच उभ्याने कोरा कागद मागून घेतला आणि माझा जबाब माझ्या हाताने लिहिला. नंबर न घेता चढले हेही लिहिलं. मावशींनी खाली अंगठा नाही, सही केली. एकेक अक्षर सुटं काढत, पण पूर्ण नाव लिहिलं, त्याला वेळ लागला आणि सगळे थांबले.

बाहेर आल्यावर नवरा फाटकाजवळ उभा होता. म्हणाला, "मला भीती वाटली गं." मी म्हटलं, मलाही वाटली होती, पण मी खोट्यावर सही केली नाही. आम्ही बसने घरी आलो, शेजारी बसून. घरी सासूबाईंनी दार उघडलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढे खांब चढतेस, आणि माझ्या खोलीतला पंखा दिवाळीपासून बंद आहे." पट्टीच्या त्या संध्याकाळनंतरचं ते पहिलं वाक्य होतं. मी त्याच पावली स्टूल घेतलं आणि पंखा दुरुस्त केला. त्या खाली उभ्या राहून स्टूल धरून होत्या.

चौकशीचा निकाल पंधरा दिवसांनी लागला. ऑपरेटरला लेखी समज देऊन सोडलं. त्याचं निलंबन झालं नाही याचं मला वाईट वाटलं नाही, त्याच्या मुलीचं लग्न मोडावं असं मला कधीच वाटलं नव्हतं. पण त्याच दिवशी सेक्शनच्या फळ्यावर दुसरा एक कागद लागला. यापुढे उच्चदाब लाईनच्या कामाला महिला कर्मचाऱ्यांना पुरुष कर्मचाऱ्याच्या सोबतीशिवाय पाठवू नये आणि परमिट सोबतच्या पुरुष कर्मचाऱ्याच्या नावानेच घ्यावं. सुरक्षेच्या दृष्टीने, असं वरती लिहिलं होतं. मी तो कागद दोनदा वाचला. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण मी लहानपणापासून ऐकलीय, पण ती अशी शिक्क्यासह फळ्यावर लागलेली पहिल्यांदाच बघितली. ज्या कारणाने मी मरणार होते, तेच आता नियम झालं होतं.

खाली सगळ्यांनी वाचल्याच्या सह्या करायच्या होत्या. मी सही केली नाही. त्या जागी लिहिलं, मान्य नाही, आणि तारीख टाकली. साहेब ते बघून केबिनमध्ये गेले. पुन्हा दुसऱ्याच्या परमिटात चढायचं नव्हतं, म्हणून मी टेबलावर बसले. रोज तक्रारी लिहून घेत होते. लाईट कधी येणार, असं लोक फोनवर विचारायचे आणि मी सांगायचे, माणूस गेला की येईल. पंखा चांगला होता.

मार्चच्या शेवटी नाना निवृत्त झाले. त्यांच्या जागी माणूस आला नाही. त्यानंतरच्या एका शुक्रवारी एका गावाचा फीडर बंद पडला. उरलेले दोघे वायरमन एक विंचूरच्या बाजूला, एक रजेवर. कांद्याला शेवटचं पाणी द्यायचे दिवस. सरपंचाचे, शेतकऱ्यांचे, कुणाकुणाचे फोन सकाळपासून मीच घेत होते. अकराच्या सुमारास साहेबांचा बाहेरून फोन आला.

"मॅडम, तुम्ही जाल का? नाही म्हणजे, तुम्हाला येतं ते काम."

"येतं. पण नियम आहे ना साहेब."

"तो आपण बघू हो नंतर."

"मग लेखी द्या. माझ्या नावाने."

दहा मिनिटं काही आलं नाही. मग ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला, त्यात माझं पूर्ण नाव होतं आणि शेवटी, अपवाद म्हणून, हे दोन शब्द होतेच. मी त्याचा फोटो काढून ठेवला, टेबलावरून उठले, शिडी गाडीला बांधली, रॉड घेतला.

गावाबाहेर खांबापाशी पोहोचले. चाळीसेक माणसं जमली होती. मी बेल्ट बांधला नाही, शिडी लावली नाही, आधी सब-स्टेशनला फोन केला. तोच ऑपरेटर होता.

"परमिट हवंय," मी म्हटलं. "माझ्या नावाने."

"लिहितो मॅडम."

"लिहा. मी थांबलेय."

कागदाचा आवाज आला. मग त्याने नंबर सांगितला. मी तो डायरीत टिपून घेतला आणि म्हटलं, "आता रजिस्टरमध्ये काय लिहिलंय, ते वाचून दाखवा."

त्याने वाचलं. तारीख, वेळ, फीडर, आणि मग माझं नाव, आडनावासकट.

"पुन्हा वाचा," मी म्हटलं.